फळीवरचा बिल्ला

१२ जानेवारी

ताई,

गेल्या सोमवारी सकाळी मी चारचौघांसमोर गुडघ्यांवर बसून मातीचा वास घेतला. खाणीच्या पूर्वेला मातीचा जो जुना ढीग आहे, त्यात पोकलेनने पहिला घास घेतला आणि आतली माती माझ्यासमोर ओतली. मी मूठभर उचलून नाकाशी धरली. आंबूस वास आला, झाकण लावून विसरलेल्या डब्यासारखा. वरून पोकलेनवाला ओरडला, "काय मुकादम, मीठ कमी आहे का?" सगळे हसले. मीही हसलो.

पोकलेनवाला म्हणजे आपला रेडिओ. तुला आठवत असेल. अजून चालू आहे, अजून बंद होत नाही.

तुझ्या मुलीशी बोललो होतो. ती म्हणाली, "मामा, फोन आई उचलणार नाही. पत्र लिही. घरी आलेला कागद ती फाडत नाही." म्हणून लिहायला बसलो आहे. गुरुजींनी शिकवलं तसा डावीकडे समास सोडला आहे. इतक्या वर्षांनी हातात पेन धरलं की अक्षर वळत नाही, सांभाळून घे.

खाण बंद पडली तशीच पडून होती. आता मालकांना सरकारने भाग पाडलं आहे, की जिथून चुनखडी काढली तिथली जमीन पुन्हा जमिनीसारखी करून द्यायची. कडे उतरते करायचे, त्यांच्यावर माती पसरायची, गवत लावायचं, झाडं लावायची. जुन्या माणसांपैकी जे हातीपायी धड आहेत त्यांना बोलावलं. मलाही. मी पुन्हा मुकादम झालो आहे. पूर्वी दगड मोजून बाहेर काढायचो, आता माती मोजून आत घालतो.

ती माती म्हणजे तोच ढीग, ज्याच्यावरून आपण घसरायचो. तुझा नवा झगा फाटला होता आणि आईने मार मला दिला होता. खाण सुरू करताना वरचा मातीचा थर खरवडून एका बाजूला रचला होता. शेवटी परत टाकता येईल म्हणून. पण रचला डोंगराएवढा उंच, आणि इतक्या उंच ढिगात आतली माती गुदमरून मरते. वरची हातभर तेवढी जिवंत आहे, तिच्यात मुळं आहेत, गांडुळं आहेत. बाकी सगळी आंबलेली. तेव्हा माती थोडी आणि दगड फार, असा संसार आहे.

दक्षिणेपासून सुरुवात केली आहे. उत्तरेचं अजून काही ठरलेलं नाही.

तब्येतीला जप.

तुझा भाऊ


३० जानेवारी

ताई,

पत्र पोहोचलं असं तुझ्या मुलीने कळवलं. वाचलंस की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इथे काम चालू आहे. फार दमायला होतं. दगड फोडताना असा दमत नसे. तेव्हा वय कमी होतं हे खरं, पण फोडलेला दगड संध्याकाळी समोर दिसायचा. मातीचं तसं नाही. पहिल्या उतारावर आम्ही हात सैल सोडून माती टाकली, छान मऊ गादीसारखी. एका रात्रीच्या अवकाळी पावसात सगळी गादी घसरून मधल्या तळ्यात गेली. सकाळी तळं चहासारखं दिसत होतं. रेडिओ म्हणाला, "दूध तेवढं घाला, सगळ्यांना पुरेल." मग शहाणे झालो. आता आधी मोठा दगड, त्यावर बारीक चुरा, आणि मग जिवंत मातीचा अगदी पातळ थर. हाताने टाकायचा, पावलांनी दाबायचा. या दगडावर उगवणाऱ्या गवताला फार माती लागतच नाही, असं इंजिनिअरबाई सांगतात. जास्त दिली तर नको ते तण माजतं.

इंजिनिअरबाई म्हणजे या कामावरची साहेब. तुझ्या मुलीच्या वयाची असेल. मोठी टोपी घालते, मला काका म्हणते, आणि न कळलेलं सरळ विचारते. मला आवडते.

परवा ती कचेरीत फळीसमोर उभी होती. बिल्ल्यांची फळी. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, की खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, वर आलं की काढून खिशात घालायचा. फळी रिकामी झाली की खाली कोणी नाही, मग सुरुंग उडवायला मोकळे. फळीवर एकही बिल्ला असला तर सुरुंग नाही, त्या माणसाच्या बाजूला दगड लोटणं नाही, काही नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला काढणारा माणूस त्या दिवशी घरी, कायमचा.

"आणि एखादा विसरला तर?" तिने विचारलं.

मग मी तिला दाजींची गोष्ट सांगितली. ते पहिल्यांदा आपल्या घरी आले होते, तुला बघायला. पाळीवरून परस्पर आले, घाईत बिल्ला फळीवरच राहिला. खाणीत सगळं काम थांबून माणसं बसून. शेवटी जुन्या मुकादमाने सायकलवर माणूस पाठवला आणि दाजी अर्धा चहा सोडून उठले. तू आतून म्हणालीस, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "हा माणूस आधीच खाणीला दिलेला आहे, मला कशाला दाखवताय?" आणि तासाभराने ते परत आले, बिल्ला तुझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सुटलो. आता चहा."

बाई खूप हसल्या. त्या चहापासून सगळी खाण तुझ्या नवऱ्याला दाजीच म्हणायला लागली, हेही सांगितलं. तिथे प्रत्येक जण तुझा भाऊ होता.

फळीवर अजून एक बिल्ला आहे, तो कोणाचा, हे तिने विचारलं. तेवढ्यात चहा आला म्हणून मी उठलो.

तुझा भाऊ


१८ फेब्रुवारी

ताई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, उत्तरेचं काही ठरलेलं नाही. ते खरं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नकाशावर ठरलेलं आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात तळापासून भराव घालून लोंबणाऱ्या कड्याला टेकू द्यायचा, मग उतार, मग माती. मी दक्षिणेपासून सुरुवात करायला लावली. मग पश्चिम घेतली. आता पूर्वही होत आली.

तू विचारशील, की एवढी यंत्रं आहेत तर दाजींसाठी आधी खणून का बघत नाहीत. मी विचारलं. एकदा विचारलं, मग पुन्हा दुसऱ्या साहेबांना विचारलं. दोघांनी एकच सांगितलं, पायथ्याचा एक मोठा दगड जरी हलवला तरी वरचा कडा येईल. मलाही ते दिसतं. दिसत नसतं तर बरं झालं असतं. कड्याच्या वरून जो रस्ता शाळेकडे जातो, त्याच्यावर भेग पडली आहे. हिवाळ्यात बोट जात होतं. पावसाचं पाणी तिच्यात शिरलं तर रस्ता खाली येईल. म्हणजे भराव पावसाळ्याच्या आधी व्हायला हवा.

दाजी कड्याखाली सापडले त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तू बोललीस, मी ऐकलं. भोंगा मी वाजवला. कडा दुसऱ्यांदा सुटायला लागला तेव्हा ढिगाऱ्यावर डझनभर माणसं हातांनी दगड उपसत होती, त्यांतला एक रेडिओ. भोंगा वाजला की वर यायचं, म्हणून ते वर आले, आणि मग जे थांबलं ते थांबलंच. तू म्हणालीस, "तो भोंगा त्यांनीही ऐकला असेल. आपल्याला टाकून सगळे चालले, हे त्यांना कळलं असेल." पण ती वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा भोंगा वाजवीन. हे तुला आवडणार नाही. खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

नंतर तू कचेरीत आलीस, फळीकडे बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "ते आत आहेत. बिल्ला तेच काढतील. तू हात लावलास तर मला भाऊ नाही."

मी हात लावलेला नाही. खाण बंद होती तेव्हाही कचेरीची किल्ली माझ्याकडे होती. आठवड्यातून एकदा जाऊन फळी पुसत होतो. बिल्ला सोडून.

तुझा भाऊ


६ मार्च

ताई,

इथे एक गोष्ट घडली. माझ्या तोंडून कळलेली बरी.

काम संपेल तेव्हा खाणीत एकही बांधकाम ठेवायचं नाही असं आहे. वजनकाटा गेला, पाण्याची टाकी गेली. परवा कचेरीचा नंबर होता. इंजिनिअरबाईंनी आदल्या संध्याकाळी सामान आवरायला घेतलं आणि फळीही भिंतीवरून काढून घेतली. तिच्यावरचा बिल्ला हरवेल म्हणून कागदात गुंडाळून स्वतःच्या पेटीत ठेवला. मनात काही वाईट नाही. कोणीही असंच केलं असतं. खाणीवरच्या माणसाखेरीज कोणीही.

सकाळी माणसं आली. या कामातही ते आपापले बिल्ले लावतात, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. फळी नाही म्हटल्यावर एकेक यंत्र बंद झालं. मी पोहोचलो तेव्हा सगळे कचेरीसमोर उकिडवे बसले होते आणि बाई मध्ये उभ्या होत्या.

"मी जपून ठेवलाय तो," त्या सांगत होत्या. "हे बघा, इथे आहे."

"कुठे ठेवला ते नाही विचारत, बाई," रेडिओ म्हणाला. "काढला कोणी?"

"मी."

"मग दाजी वर आले म्हणायचे. दाखवा, कुठे आहेत? चहा पाजू त्यांना."

"रेडिओ," मी म्हटलं, "आवाज कमी कर."

"तुम्ही बोलू नका मुकादम. हा नियम आम्हाला कोणी शिकवला? पहिल्या दिवशी कान कोणी धरला होता माझा?"

नव्या डंपरवाल्यांपैकी एक मागून म्हणाला, "अहो, इतकी वर्षं झाली. आता काय तिथे..."

त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. रेडिओ नुसता वळला. "फळीवर आहे तोवर माणूस पाळीवर आहे. पाळीवरच्या माणसावर तू माती टाकणार? टाक. बस डंपरमध्ये. आम्ही बघतो कसा टाकतोस ते."

तो बसला नाही. कोणीच बसलं नाही. दुपारपर्यंत काम झालं नाही.

दुपारी बाईंनी स्वतः फळी परत ठोकली. भिंत तेवढी ठेवली आहे, बाकी कचेरी पाडली. छप्पर नाही, दार नाही, एक भिंत आणि तिच्यावर फळी. बिल्ला त्यांच्या हातात होता, मला विचारलं, "कोणता खिळा?" मी दाखवला. माणसं उठून आपापल्या यंत्रांकडे गेली. रेडिओसुद्धा.

मग त्या माझ्याजवळ बसल्या. "काका, हा बिल्ला इथे आहे तोवर उत्तरेला एक घमेलंही पडणार नाही, बरोबर?"

"बरोबर."

"आणि तो ज्याने काढायचा, तो माणूस तिथे आहे."

"हो."

"मग कसं करायचं?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला पत्र लिहिलं आहे."

"ती येईल?"

यावर मी काय सांगितलं असेल ते तुला माहीत आहे. मी सांगितलं, येईल बहुतेक. ताई, तू ये. तू आलीस आणि तुझ्या हाताने काढलास तर यांतला एकही माणूस हरकत घेणार नाही. तुझा हात म्हणजे त्यांचाच हात. गाडीचं तिकीट मी काढतो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझा भाऊ


२१ मार्च

ताई,

काल तुझ्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "मामा, आई येणार नाही. आणि आई विचारते, तिथे ऊन येतं का?"

मी म्हटलं, "कुठे?"

ती म्हणाली, "मला काय माहीत कुठे? एवढंच विचारते आहे. आणि नीट बघून सांग म्हणते आहे, अंदाजाने नको."

तू मागेच उभी होतीस. भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि तसं आपटून भांडं ठेवणारी आपल्या घरात एकच आहे.

म्हणून आज मी नीट बघितलं. कामातून सुट्टी घेतली, डबा घेतला आणि सकाळपासून उत्तरेच्या कोपऱ्यासमोर, सुरक्षित अंतरावर, एका दगडावर बसून राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. रेडिओने हॉर्न वाजवून विचारलं, "तप करताय का?" मी म्हटलं, हो.

सकाळी ऊन येत नाही. पूर्वेच्या कड्याची सावली असते. न्याहारीच्या सुमारास कड्याच्या वरच्या कडेला पहिला पिवळा पट्टा दिसतो, मग तो हळूहळू खाली उतरत येतो. जिन्यावरून एकेक पायरी उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. जेवणाच्या आधी पायथ्यापर्यंत पोहोचतो, आणि मग मावळेपर्यंत तिथून हलत नाही. संध्याकाळी सगळी खाण निळी पडते तेव्हाही त्या कोपऱ्यात ऊन असतं. सगळ्यात उशिरापर्यंत तिथेच. थंडीत तिथले दगड हाताला कोमट लागतात. पालीसरडे तिथे येऊन पडतात. आणि दगडांच्या फटीतून एक झुडूप आलं आहे, कोणी न लावता. बारीक पानं, पांढरी फुलं. नाव मला माहीत नाही.

एवढं बघून झाल्यावर मी तिथे बसल्या बसल्या प्रार्थना केली. आईने शिकवलेली, तीच. अर्ध्यात विसरलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

आणखी एक सांगायचं आहे. पूर्वेच्या ढिगावरची जी जिवंत माती, तिच्यातली मी थोडी थोडी बाजूला काढत होतो. रोज एखादा डंपर. पहिल्याच आठवड्यापासून, म्हणजे तुला 'काही ठरलेलं नाही' असं लिहीत होतो तेव्हापासून. पाडलेल्या वजनकाट्याच्या मागे ढीग केला, बुटका आणि पसरट, म्हणजे आत गुदमरू नये, आणि पोत्यांनी झाकला. संध्याकाळी जाऊन पाणी शिंपडत होतो. इंजिनिअरबाईंनी परवा पोतं उचललं. मातीत हात घातला, वास घेतला. माझ्याकडूनच शिकली आहे ती वास घ्यायला. म्हणाली, "काका, पश्चिमेला माती कमी पडते म्हणून मी डोकं फोडून घेते आहे, आणि ही कोणासाठी?"

मी सांगितलं.

तिने पोतं पुन्हा नीट ओढून घेतलं, चारी बाजूंनी दगड ठेवले आणि म्हणाली, "कडेने उघडं राहतंय. वाळून जाईल."

तर ऊन येतं, ताई. भरपूर येतं.

तुझा भाऊ


९ एप्रिल

ताई,

तुझ्याकडून काही आलं नाही. तुझ्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, "उन्हाचं पत्र आईने दोनदा वाचलं, मग पिशवीत ठेवलं. बोलली काही नाही."

रस्त्यावरच्या भेगेत आता मूठ जाते. रस्ता बंद केला आहे. शाळेची मुलं टेकडीला वळसा घालून जातात आणि काही जण दोरी ओलांडून त्याच रस्त्याने जातात, कारण ती मुलं आहेत. मी सकाळी जाऊन उभा राहतो आणि ओरडतो. ती पळतात, हसतात. मला हसू येत नाही.

तुझी भावजय काल म्हणाली, "तुम्ही ताईंकडे नक्की मागताय तरी काय? परवानगी, की माफी?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी म्हटलं, "एवढं मोठं काम, एकट्याने करवत नाही."

तिने हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाली, "त्यांनी उन्हाचं विचारलं ना? दुसरं कोण विचारतं असं? जिथे आपलं माणूस कायमचं राहणार, तिथलंच ऊन विचारतात लोक."

मला हे सुचलं नव्हतं. मी बसून उन्हं मोजली आणि मला हे सुचलं नव्हतं. तिचं खरं असेल. किंवा तू नुसतंच विचारलं असशील. तुझ्यावर मी ते लादत नाही. तू हो म्हणालीस असं मी कोणालाही सांगणार नाही, कारण तू म्हणाली नाहीस.

फार थकलो आहे. पण झोप लागते आहे.

तुझा भाऊ


१७ एप्रिल

ताई,

काल केलं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सगळे आल्यावर मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. म्हटलं, आज कोणी खाली उतरायचं नाही. फळीवर दोनच बिल्ले राहतील. दाजींचा आणि माझा. मग मी माझा अडकवला. त्यांच्या शेजारचा खिळा. इंजिनिअरबाई पुढे आल्या, म्हणाल्या, "काका, कड्याखाली जायची परवानगी मी देऊ शकत नाही." मी म्हटलं, कड्याखाली जात नाही, दगडाजवळ थांबेन, जिथे त्या दिवशी बसलो होतो. त्या बाजूला झाल्या, पण नजर कड्यावरच ठेवून होत्या.

रेडिओने विचारलं, "भोंगा वाजवू?"

मी म्हटलं, "नको. मी खाली जाऊन बोलावतो."

उतरलो. दगडापाशी पोहोचलो तेव्हा ऊन अर्ध्या कड्यावर होतं. बसलो. ते पायथ्यापर्यंत येईपर्यंत थांबलो, कारण त्यांना घाईत उठवायचं नव्हतं. आयुष्यात एकदा चहा अर्धा टाकून उठले होते, तेवढं पुरे. मग उभा राहिलो आणि हाक मारली. मोठ्याने मारायची ठरवली होती, पण आवाज घरातल्यासारखाच निघाला. "दाजी, चला. पाळी संपली. सगळे वर गेलेत, तुम्हीच राहिलात."

झुडपाची पानं हलली. वारा होता.

मग वर यायला निघालो. तुला ठाऊक आहे, ते चढावर भरभर चालत नसत. उजवा गुडघा. म्हणून हळू चाललो. वळणावर त्यांची एक जागा होती, तिथे थांबून बूट एकमेकांवर आपटायचे, पांढरी भुकटी झाडायची, म्हणजे घरी तू ओरडू नयेस. मी तिथे थांबलो. माझे बूट झाडले. पुन्हा थोडा थांबलो, जेवढा वेळ दुसऱ्या माणसाला लागेल तेवढा. मागे वळून बघितलं नाही. बघावंसं वाटलं, पण नाही बघितलं. सोबत चालणाऱ्याकडे माणूस सारखं बघत नाही.

वर सगळे टोप्या काढून उभे होते. रस्ता दिला त्यांनी. एका माणसाला लागेल त्यापेक्षा रुंद दिला.

फळीसमोर आलो. माझा बिल्ला काढला, खिशात घातला. मग त्यांच्या खिळ्यासमोर हात उचलला आणि तो तसाच राहिला. नियम माझाच. कान धरून शिकवलेला. तेव्हा मागून रेडिओ बोलला, अगदी हळू, मी त्याला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मुकादम, त्यांच्या दोन्ही हातांत सामान असेल. तुम्ही काढून द्या."

मी काढला.

कोणीतरी म्हणालं, "सुटले दाजी." मग एकेक जण म्हणाला. इंजिनिअरबाईसुद्धा म्हणाल्या.

त्यानंतर पहिला डंपर रेडिओने स्वतः मागे घेतला. दगडाचा भराव दिवसभर भेगेपासून लांबच्या बाजूने चालू होता, आजही चालू आहे. आठवडाभर चालेल, म्हणजे कडा टेकेल. भराव वर आला की त्यावर चुरा आणि चुऱ्यावर ती पोत्याखालची माती. ती यंत्राने टाकायची नाही, घमेल्यांनी टाकायची, असं माणसांनीच ठरवलं. झुडूप दगडाखाली गेलं. त्याच्या आधी वाऱ्याने लांब पडलेलं त्याचं बी बाईंनी वेचून घेतलं होतं, मला न सांगता. पुडी दाखवली.

तू म्हणाली होतीस, हात लावलास तर मला भाऊ नाही. लावला. तुला न विचारता लावला असंही नाही आणि विचारून लावला असंही नाही. आता तू जे ठरवशील ते. यापुढे पत्राला उत्तर आलं नाही तरी माझी तक्रार नाही, लिहायचं मात्र मी थांबवणार नाही. त्या कोपऱ्यात काय उगवलं ते कळवत राहीन.

फळी रिकामी झाली. संध्याकाळी ती उतरवली आणि भिंत पाडली. दाजींचा बिल्ला या पाकिटात आहे. मी तो पुसलेला नाही. टेबलावर ठेव.

तुझा भाऊ